संथ लघुपट: स्वप्न कुठे पडतं आणि झोप कुठे लागते

खिडकीकाठ (धागाकर्ता)

संवाद नाहीत, गोष्ट म्हणावी तर चिमूटभर, आणि तरी दहा मिनिटं नजर हलत नाही असे काही लघुपट असतात. तेच धुकं, तीच पाठमोरी बाई, तोच एकेक सूर टपकवणारा पियानो असलेले दुसरे शेकडो लघुपट लोक तिसऱ्या मिनिटाला बंद करतात. हा फरक 'संवेदनशीलते'चा आहे असं म्हणून विषय मिटवला जातो. माझ्या मते तो बराचसा कारागिरीचा आहे, म्हणून हा धागा. जाणकारांनी नेमकं लिहावं. 'मनाला भिडलं' एवढाच प्रतिसाद असेल तर तो मनातच राहू द्या.

सुरुवात माझ्याकडून. संथपणाचा कॅमेऱ्याच्या वेगाशी फारसा संबंध नाही. शॉट चालू असताना त्यात काहीतरी एक बदलत असतं आणि बदलून झाल्यावर प्रेक्षकाच्या ते लक्षात येतं. तेवढं नसेल तर ४० सेकंदांचा शॉट म्हणजे हलणारा वॉलपेपर.

सरावासाठी एक सोपा शॉट. टेबल, त्यावर पाण्याने भरलेला काचेचा पेला, एका बाजूला खिडकी आणि हलता पडदा. उन्हात पेल्याची लांब सावली पडलेली. साधारण १५व्या सेकंदाला ढग आल्यासारखी सावली विरते, २५व्या सेकंदाला परत येते, आणि आता पेला कोरडा आहे. बस, एवढंच.

ट्रायपॉड पक्का. एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण), व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल), फोकस सगळं मॅन्युअल. एकही ऑटोवर राहिलं तर अंधार होताच कॅमेरा स्वतःहून चित्र उजळवायला बघेल आणि ढगाचा खेळ तिथेच संपेल. ढग म्हणजे खिडकीबाहेर हळू सरकवलेला मोठा पुठ्ठा. पुठ्ठा टेबलापासून जितका लांब, तितकी सावलीची कड मऊ. अगदी जवळ धरला तर कड धारदार येते आणि ढगाऐवजी कुणीतरी दार लावल्यासारखं दिसतं. दोन टेक घ्यायचे, एक भरलेल्या पेल्याचा आणि एक रिकाम्या. मधे पेल्याला हात लावायचा नाही. पाणी सिरिंजने ओढून घ्यायचं. अंधाऱ्या भागात ४८ फ्रेमचा डिझॉल्व्ह (एक चित्र विरत असतानाच दुसरं उमटणं) टाकून दोन्ही टेक जोडायचे.

फसतं ते पडद्यापाशी. दोन टेकमध्ये पडदा वेगवेगळ्या जागी असतो, त्यामुळे डिझॉल्व्हमध्ये दोन पडदे दिसतात. म्हणून अख्खी फ्रेम न मिसळता पेला आणि त्याची सावली यांच्याभोवतीच मऊ कडेचा मास्क काढून तेवढाच भाग बदलावा, पडदा एकाच टेकचा ठेवावा. पेल्याच्या थेट मागे पडदा नको, नाहीतर काचेतून उलटा दिसणारा पडदा चुगली करतो.

कात्रीवाला

उत्तम सुरुवात. संकलनाच्या बाजूने भर घालतो.

लांब शॉट कुठे तोडायचा? आवाज बंद करून शॉट बघा. पहिल्या दोनतीन सेकंदांत 'काय आहे' ते कळतं. मग एक रिकामा काळ येतो, बहुतेक जण तिथेच कापतात. तिथे थांबा. त्यानंतर नजर आपणहून फ्रेमच्या कोपऱ्यात फिरायला लागते, ही दुसरी उत्सुकता. ती संपायच्या जरा आधी कट. दुसरी उत्सुकता जागीच होत नसेल तर शॉट लांबवून काही हाती लागत नाही, त्याला सरळ चार सेकंदांवर आणा. सगळेच शॉट २० सेकंदांचे ठेवले की तालही एकसुरी होतो. दोन लांब शॉटांमध्ये एखादा दीड सेकंदाचा टाकला तर पुढचा लांब शॉट अजून लांब वाटतो.

डिझॉल्व्हबद्दल दोन गोष्टी. २४ फ्रेमचा डिझॉल्व्ह म्हणजे १ सेकंद, तो 'काही वेळाने' असं सांगतो. ९६ फ्रेमच्या पुढे गेलात की त्या दोन प्रतिमांचं मिळून तिसरंच चित्र दिसायला लागतं, म्हणून ते चित्र आधी ठरवून दोन्ही शॉट तसे रचावे लागतात: एकातली उजळ जागा दुसऱ्यातल्या गडद जागेवर यावी. दोन्हीत मधोमध चेहरा असेल तर नुसता चिखल होतो. कटबिंदूवर मधोमध बसवलेल्या ९६ फ्रेमच्या डिझॉल्व्हला दोन्ही शॉटांकडे ४८-४८ फ्रेम जास्तीच्या लागतात. म्हणून शूटिंगला 'कट' म्हणायच्या आधी मनात पाच आकडे मोजा. दुसरं, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये मिश्रण गॅमा चढवलेल्या (पडद्यासाठी उजेडाचे आकडे वाकवलेल्या) चित्रावर होतं आणि मधला टप्पा मळकट दिसतो. लिनियर (खऱ्या उजेडाच्या प्रमाणात होणाऱ्या) मिश्रणाची सोय असेल तर ती वापरा. त्यात उजळ भाग आधी पुढे येतात आणि प्रकाशाने प्रकाश झाकल्यासारखं वाटतं.

स्वप्नाचा सगळ्यात धारदार कट मात्र हालचालीवरचा. माया डेरेन यांच्या १९४५ च्या नृत्याच्या लघुपटात नर्तक जंगलात पाय उचलतो आणि तो टेकतो खोलीत. हालचाल अखंड, जागा तुटलेली. हे करताना तीन गोष्टी जुळवाव्या लागतात: फ्रेममध्ये पायाचा आकार, त्याची दिशा आणि वेग. कट पाय हवेत असताना, हालचालीच्या मधल्या तिसऱ्या भागात. दुसऱ्या शॉटमध्ये हालचाल दोनतीन फ्रेम मागून सुरू केली तर सांधा जास्त गुळगुळीत बसतो, कारण जागा बदलली हे समजण्यात डोळ्याचे तेवढे क्षण जातात.

प्रश्नांकित

मग स्लो मोशन वापरायचंच नाही का? आणि वापरायचं तर किती फ्रेमवर शूट करावं? ६० वर करून अर्ध्या वेगाने चालवलं तर पाणी आणि केस छान दिसतात, पण चालणारा माणूस जाहिरातीतला वाटतो.

चौकट

@प्रश्नांकित, जाहिरातीतला वाटतो कारण जाहिराती तेच करतात. थोडा हिशेब बघा. टाइमलाइन (संकलनातली पट्टी) सेकंदाला २४ फ्रेमची धरली तर ४८ वर शूट केलेलं ५० टक्के वेगाने चालतं, ६० वर केलेलं ४० टक्के. दोन्हीत प्रेक्षकाला 'हे स्लो मोशन आहे' असं लगेच कळतं. ३२ वर शूट करा. वेग ७५ टक्के येतो, आणि चालणं, वळणं, पेला उचलणं यात हे संथपण पकडता येत नाही. माणूस जरा जड झाला आहे एवढंच वाटतं. कॅमेऱ्यात ३२ नसेल तर ३० घ्या, वेग ८० टक्के. पडणाऱ्या वस्तू आणि उडणारे थेंब मात्र फ्रेमबाहेर ठेवा, गुरुत्वाकर्षण लगेच फितूर होतं.

शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड मिळतो तो सेकंदाचा भाग) फ्रेमरेटच्या दुप्पट, म्हणजे २४ ला १/४८ किंवा १/५०. घरातल्या दिव्यांखाली मात्र हा नियम वाकवा. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून ४८ फ्रेमला १/९६ न ठेवता १/१००. वीज ६० हर्ट्झची असेल तर १/१२०. नाहीतर भिंतीवर हळू सरकणारे पट्टे येतात, आणि संथ शॉटमध्ये बघायला दुसरं काही नसल्याने ते पट्टेच नायक होऊन बसतात. फ्रेमरेट दुप्पट केला की प्रकाश एक स्टॉपने, म्हणजे निम्म्याने, कमी होतो, हेही धरून चला.

उन्हातला हिशेब: कडक ऊन, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, तर एफ/१६ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) आणि १/१०० च्या आसपास बरोबर एक्स्पोजर येतं. तुम्हाला १/५० आणि एफ/२.८ हवं असेल तर शटरचा १ आणि छिद्राचे ५, असे ६ स्टॉप कापायला हवेत, म्हणजे १.८ चा एनडी (उजेड कापणारा काळसर फिल्टर). कॅमेऱ्याचं लॉग प्रोफाइल (नंतर रंग चढवण्यासाठी फिकं चित्र देणारी सोय) ८०० आयएसओच्या खाली उतरत नसेल तर अजून ३, एकूण ९. फिरवायचा व्हेरिएबल एनडी सोयीचा असतो, पण वाइड लेन्सवर शेवटच्या टोकाला नेला की आकाशात फुलीसारखा काळा डाग येतो.

पॅन (जागेवरूनच कॅमेरा आडवा फिरवणं): २४ फ्रेमवर एखादी वस्तू फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला निदान ७ सेकंद लागले पाहिजेत, नाहीतर उभ्या कडा थरथरतात. संथ सिनेमात तर १५-२० सेकंद घ्या. हाताने इतकं हळू होत नाही. ट्रायपॉडच्या दांड्याला रबरबँड अडकवून रबरबँड ओढा, सुरुवातीचा झटका तो गिळतो.

आणि जे सॉफ्टवेअर मधल्या फ्रेम 'तयार' करून देतं ते मोकळ्या मैदानातल्या संथ ढगांना चालतं. बोटं, केस, पानं, पाणी, आणि एकामागून एक जाणारी माणसं यांवर ते फसतं; कडांभोवती जेलीसारखी वितळण दिसते. काय कशाच्या मागे गेलं हे त्याला ठाऊक नसतं, ते अंदाज बांधतं.

याच्या उलट एक जुनी युक्ती आहे. सेकंदाला ८ फ्रेम, शटर १/१५ किंवा जमल्यास १/८, आणि प्रत्येक फ्रेम तीनदा. वेग खराखुराच राहतो पण माणसं फराटे होऊन सरकतात. वोंग कार-वाई यांच्या 'चुंगकिंग एक्सप्रेस'मुळे (१९९४) ही लोकांना माहीत झाली. अशा शॉटमध्ये एक माणूस अगदी स्थिर ठेवा आणि बाकी गर्दी वाहू द्या. स्थिर कुणीच नसेल तर प्रेक्षकाला वाटतं फाइल अडकतेय.

धुकटराव

धागाकर्त्यांनी पहिल्याच ओळीत धुक्याला धुतलं, त्याचा निषेध :)

धुकं वाईट नाही, आयतं धुकं वाईट. युरी नॉर्स्टाइन यांच्या १९७५ च्या हेजहॉग या काटेरी प्राण्याच्या छोट्याशा ॲनिमेशनपटातलं धुकं म्हणजे चित्रावर ठेवलेला अतिशय पातळ ट्रेसिंग कागद, फ्रेमागणिक थोडाथोडा कॅमेऱ्याकडे उचललेला. कागद चित्राला टेकलेला असताना आकृती दिसते, वर जाईल तशी विरते. म्हणजे तिथे धुक्याला स्वतःची हालचाल आहे, ते येतं, झाकतं, परत देतं. वर म्हटलेला 'एक बदल' तो हाच. हेजहॉग स्वतः मात्र रेखीव आहे.

प्रत्यक्ष धूर वापरणाऱ्यांसाठी: पंखे बंद, धूर सोडून पुठ्ठ्याने पसरवा आणि लोळ मोडेपर्यंत थांबा. दिवा धुराच्या मागून किंवा बाजूने. समोरून टाकलात तर सगळं राखाडी होतं आणि खोली आगीतून वाचल्यासारखी दिसते. टेकगणिक दाटपणा बदलतो, त्यामुळे एका प्रसंगाचे सगळे मोठे शॉट आधी, लागोपाठ उरका. खोलीत हवा खेळती राहील आणि धुराचा अलार्म कुठे आहे हे आधी बघा.

लेन्सवरचा मऊपणा: डिफ्युजन फिल्टर १/८ ताकदीचा घ्या, १/४ च्या वर जाऊ नका. तोच फिल्टर लांब लेन्सवर जास्त जोर दाखवतो, हे विसरलं की वाइड शॉट स्वच्छ आणि क्लोजअप दुधाळ असा विजोड येतो. ३५ मिमीला १/४ लावलात तर ८५ ला १/८ लावून बघा. लेन्सच्या मागे काळी जाळीदार स्टॉकिंग ताणून लावायची पद्धतही चांगली. पांढरी लावली तर काळा रंग उठतो. छिद्र फार बारीक केलंत तर जाळीची नक्षी दिसू लागते. व्हॅसलीन लावायची हौस असेल तर साध्या काचेच्या फिल्टरवर लावा, लेन्सवर नाही. हे लिहावं लागतं.

खिडकीकाठ

@धुकटराव, निषेध मान्य, पण माझा मुद्दा तुम्हीच पक्का केलात. हेजहॉग रेखीव आहे. स्वप्नात आपल्याला वस्तू अंधूक दिसत नाहीत, उलट किल्ली म्हणजे अगदी ती किल्लीच असते. गोंधळ असतो तो एकामागून एक काय येतं त्याचा. डेरेन आणि अलेक्झांडर हामिद यांचा 'मेशेस ऑफ द आफ्टरनून' (१९४३) जेमतेम १४ मिनिटांचा आहे आणि त्यात कडक ऊन आहे. किल्ली, सुरी, फूल, जिना. सगळं लख्ख. तरी त्याहून स्वप्नासारखं फार कमी काही सापडेल.

क्रिस मार्कर यांचा 'ला जेते' (१९६२) तर २८ मिनिटं जवळजवळ पूर्ण स्थिरचित्रांचा. त्यात एकच हलता क्षण आहे, झोपलेली बाई डोळे उघडते. त्याच्या आधी तिचीच स्थिरचित्रं एकमेकांत विरघळत जवळजवळ येत जातात, त्यामुळे हालचाल नक्की कधी सुरू झाली ते पहिल्या खेपेला पुष्कळांच्या हातून निसटतं. सबंध लघुपटाने केलेली काटकसर त्या एका क्षणात खर्च होते.

संध्यारंग

वाखुसा (वाचनखूण साठवली). आवाजाबद्दल कुणी लिहील का? या लघुपटांतला अर्धा परिणाम तिथेच असतो असं वाटतं.

मंद्रसप्तक

अर्ध्याहून जास्त. 'मेशेस' १९४३ साली मूक होता, तेइजी इतो यांचं संगीत १९५९ मध्ये जोडलं गेलं. दोन्ही प्रकारे पाहा, शॉटची लांबी तीच असून वेगळी वाटते.

पहिली चूक: शांतता म्हणजे आवाज शून्यावर. शून्य झालं की प्रेक्षक स्पीकरकडे बघतो. प्रत्येक जागेची निदान १ मिनिट रिकामी हवा (कुणी बोलत नसतानाचा तिथला आवाज) रेकॉर्ड करा, तीच माणसं, तेच दिवे, तोच फ्रिज खोलीत असताना. ती पूर्ण प्रसंगाखाली अंथरा. मग एखाद्या क्षणी ती ६ सेकंदांत हळूच काढून घ्या. काय गेलं ते कुणाला सांगता येणार नाही, पण सगळे सावरून बसतील.

दुसरी गोष्ट, आवाज संथ करणं. अर्ध्या वेगाने वाजवला की सूर एक सप्तक खाली येतो आणि वरची सीमाही अर्धी होते. ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड केलेल्या फाइलमध्ये २४ पर्यंतचा आवाज मावतो, अर्धा वेग केला की १२ च उरतो आणि सगळं गोधडीखाली गेल्यासारखं वाटतं. म्हणून जे संथ करायचं आहे ते ९६ वर घ्या, आणि २० किलोहर्ट्झच्या वरचंही थोडं पकडणारा माइक असेल तर उत्तम. ज्याँ एपस्टाइन यांनी १९४७ च्या 'ल तांपेस्तेर'मध्ये वारा आणि समुद्राचा आवाज असा संथ करून वापरला. वादळाला पोट असल्यासारखं ऐकू येतं. सूर तसाच ठेवून नुसता लांबवणारे प्रोग्रॅम यासाठी वापरू नका, टाळ्या किंवा पावलं यांसारख्या तुटक आवाजांत ते डबल ठोके काढतात.

तिसरी गोष्ट, आणि माझी आवडती: चित्राचं अंतर आणि आवाजाचं अंतर वेगळं ठेवा. माणूस लांब, टेकडीवर ठिपक्याएवढा. श्वास मात्र कानाशी. किंवा क्लोजअपमध्ये चमचा कपावर आपटतो आणि आवाज पलीकडच्या खोलीतून. हे दुसरं करायला मूळ आवाज पूर्ण काढून फक्त त्याचा घुमारा ठेवायचा, ३ किलोहर्ट्झच्या वरचं कापायचं. मूळ आवाज थोडासुद्धा राहिला तर नुसतीच 'बाथरूम' होते. आवाज पुढेमागे सरकवायचा तर नीट सरकवा: २-३ फ्रेमचा फरक चूक वाटते, १२ फ्रेमच्या पुढे तो हेतू वाटायला लागतो. पुढच्या शॉटचा आवाज ४८ ते ७२ फ्रेम आधी आणणं तर हुकमी.

पियानोबद्दल धागाकर्त्यांशी शंभर टक्के सहमत. संगीत टाकायचंच तर आधी ते काढून एकदा पूर्ण पाहा. शॉट कोसळत असेल तर शॉट दुरुस्त करा.

उलटीगंगा

उलट चालवलेला शॉट राहिलाच. पात्राने मागे मागे चालायचं आणि संकलनात फिल्म उलटी करायची. गंमत म्हणजे पाय जवळजवळ बरोबर दिसतात, टाच आधी टेकते, बोटं शेवटी सुटतात. खटकतो तो शरीराचा भार. माणूस पाऊल टाकायच्या आधीच तिथे पोचलेला असतो. नेमकं हेच हवं असतं. बिघडवणाऱ्या गोष्टी: सैल ओढणी, मोकळे केस, पायाखालची धूळ, सिगरेट, मागचा रस्ता. कपडे अंगाबरोबरचे, जमीन टणक, पार्श्वभूमीत कुणी नाही. पापण्यांची उघडझाप उलटी झाली तरी कुणाला कळत नाही, पण गिळणं कळतं. १० सेकंदांच्या वर ठेवू नका, प्रेक्षक युक्ती शोधायला लागतो.

रोखठोक

हे सगळं ठीक. पण कंटाळवाण्याला 'ध्यानमग्न' म्हणायची सोयही यातच आहे ना? ऑस्करच्या नियमात ४० मिनिटांपर्यंतचा सिनेमा लघुपट धरतात, म्हणून कुणी ३९ मिनिटं खिडकी दाखवायची नसते.

कात्रीवाला

@रोखठोक, सोय आहेच, आणि भरपूर घेतली जाते. एक चाचणी: लघुपटातला कुठलाही एक लांब शॉट अर्धा करा. काहीच गेलं नाही असं वाटलं तर तो फुगवलेला होता. पुढच्या शॉटचा अर्थच बदलला तर तो त्या लांबीचा हक्कदार होता.

बघायची बाजूही सांभाळा. नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी सोय बहुधा चालूच असते. ती मधल्या फ्रेम घालून २४ फ्रेमचं पोत घालवते आणि सगळं मालिकेसारखं दिसतं. सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, किंवा फिल्ममेकर मोड निवडा. खोली अंधारी, फोन दुसऱ्या खोलीत. दिवसाउजेडी मोबाइलवर बघितलेल्या अंधाऱ्या शॉटमध्ये फक्त आपलाच चेहरा दिसतो.

चौकट

बनवणाऱ्यांसाठी त्याच अंधाऱ्या शॉटची शेवटची अडचण, पट्टे. ८ बिटमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या. गडद भिंतीवर हळू उतरत जाणाऱ्या उजेडाच्या वाट्याला त्यातल्या २० च आल्या, तर १९२० पिक्सेलच्या रुंदीत प्रत्येक पट्टा ९६ पिक्सेलचा, उघड्या डोळ्यांना दिसणारा. १० बिटमध्ये त्याच जागी ८० पायऱ्या, पट्टा २४ चा. म्हणून शूट १० बिटमध्ये, आणि शेवटी चित्रावर थोडा दाणा (ग्रेन) चढवा. दाणा पट्ट्यांची कड मोडतो. दाणा फार बारीक असेल तर ऑनलाइन टाकताना कॉम्प्रेशन तो खाऊन टाकतं, म्हणून जरा भरडच ठेवा. फाइल एचडीत केली असेल तरी ४के करून चढवा, जास्त बिटरेट मिळतो.

प्रश्नांकित

पेल्याचा शॉट करून पाहिला. मास्क नीट आहे, पडदा एकच आहे, तरी दोन ठिकाणी कळतं. टेबलाची कड किंचित सरकते, आणि रिकाम्या पेल्याच्या आत थेंब चिकटलेले दिसतात.

खिडकीकाठ

कड सरकते म्हणजे स्टॅबिलायझेशन चालू राहिलं असणार. ट्रायपॉडवर ते बंदच हवं, नसलेला कंप शोधत ते फ्रेम हळूहळू ढकलतं. लेन्सवर वेगळं बटण असेल तर तेही बघा.

थेंबांसाठी क्रम फिरवा. कोरड्या रिकाम्या पेल्याचा टेक आधी घ्यायचा, मग सिरिंजची नळी तळाशी टेकवून पाणी भरायचं आणि भरलेल्याचा टेक नंतर. पाणी खालून वर चढतं, त्यामुळे वरची काच कोरडीच राहते. दोन टेकमध्ये पाच मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका, उन्हातली सावली तेवढ्यातही सरकते. टेबलावर सावलीच्या टोकाशी पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवली तर किती सरकली ते मोजता येईल, आणि तेवढी दुसऱ्या टेकमध्ये मास्क हलवून जुळवता येईल. खूण मात्र फ्रेममध्ये दिसणार नाही इतकी फिकट.